नव्या गाडीचे ‘प्रोटेक्शन पॅकेज’ घेताना

नवी गाडी बुक करताना डीलर अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा गंजरोधक थर), टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग (बाहेरच्या रंगावरचा संरक्षक थर), आतल्या सीटवरचा थर आणि वाढीव वॉरंटी यांचे एकत्र पॅकेज पुढे करतो, तेव्हा एकूण रकमेवर होकार न देता प्रत्येक बाबीची किंमत वेगळी लिहून मागावी.

मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गंजाची भीती खरी आहे. मात्र आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्याला कारखान्यातच गंजरोधक प्रायमर आणि तळाच्या सांध्यांना सीलंट लावलेले असते, त्यामुळे वरून मारलेल्या कोटिंगचा लाभ मर्यादित असतो, आणि ते निष्काळजीपणे मारले तर दरवाज्यांच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची छिद्रे बुजून उलट आतूनच गंज धरतो. टेफ्लॉनचा थर काही महिन्यांतच विरतो. सिरॅमिक अधिक टिकते, परंतु बाहेरच्या चांगल्या डिटेलिंगवाल्याचा (गाडीची सफाई, पॉलिश आणि कोटिंग करणाऱ्याचा) दर विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

माझ्या मते हा पैसा विम्याकडे वळवणे अधिक शहाणपणाचे आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेले पाणी इंजिनात शिरून होणारे नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून मिळणारे पूरक संरक्षण, घ्यावे लागते. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. वाढीव वॉरंटी मात्र गाडीच्या उत्पादक कंपनीचीच असल्याची लेखी खात्री करूनच घ्यावी.