कोल्हापूरच्या पावसात लॅव्हेंडर

लॅव्हेंडरला ऊन कितीही द्या, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला अजिबात खपत नाही. म्हणून रंकाळ्याजवळच्या आमच्या गच्चीवर मी ते मातीच्या कुंडीतच लावते. पंचगंगेकाठची काळी माती नकोच. निम्मी लाल माती, निम्मी जाडी वाळू, चिमूटभर चुना. दातेरी पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर घ्या. इंग्लिशपेक्षा दमट हवा तेच बरं सोसतं. जून ते सप्टेंबर कुंडी विटांवर, पत्र्याच्या आडोशाला पण उजेडात ठेवा. एरवी बोट खुपसून माती कोरडी लागली की मगच पाणी. बहर सरला की हिरवे शेंडे छाटा. जुन्या लाकडाला कात्री लावू नका, तिथून सहसा फूट येत नाही.

उमलू लागलेले तुरे सावलीत उलटे टांगून वाळवा आणि मलमलच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवा. कापरासारख्या त्या वासानं कसर लांब राहते.