शेअर्ड क्लाउड लायब्ररीतल्या फाइल्स आपोआप डिलीट होत होत्या, कारण सापडलं

लक्षण असं की टीमच्या शेअर्ड लायब्ररीतल्या (सगळ्यांचा मिळून क्लाउडवरचा फोल्डर) जुन्या फाइल्स रात्रीतून गायब, फोल्डर जागेवर पण आत काहीच नाही, आणि कुणीच डिलीट केलेलं नाही. रिस्टोर केल्या की परत तेच, डोकं फिरायची वेळ आली होती. सिंक ॲप (पीसीवरच्या आणि क्लाउडवरच्या फाइल्स सारख्या ठेवणारं) रीइन्स्टॉल केलं, पासवर्ड बदलले, व्हायरस स्कॅन केला, शून्य उपयोग.

धागा मिळाला तो वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये, पीसीवरच्या नाही. तिथे कुणी डिलीट केलं आणि कधी हे दोन्ही दिसतं. सगळीकडे एकच अकाउंट, वेळ रात्री २ ची. ते अकाउंट एका जुन्या पीसीवर अजून लॉगिन होतं आणि तिथला शेड्यूल केलेला क्लीनअप जुन्या फाइल्स उडवत होता. सिंक दोन्ही बाजूंनी चालतं, एका पीसीवर उडाली की सगळ्यांकडून उडाली.

आता क्रम नीट पाळा. आधी सगळ्या पीसींवर सिंक पॉज करा. मग त्या जुन्या पीसीवरचं क्लीनअप शेड्यूल बंद करा, सिंक ॲपमधून अकाउंट अनलिंक करा (म्हणजे त्या पीसीचा क्लाउडशी संबंध तोडा), आणि त्यानंतरच तिथला लोकल फोल्डर काढा, उलटं केलंत तर तेही डिलीट क्लाउडवर जातं. मग वेबवरून तारखेप्रमाणे सॉर्ट करून रिस्टोर, हे लांबवू नका कारण बिन ठरावीक दिवसांनी रिकामं होतं. शेवटी एकाच पीसीवर सिंक चालू करा, पूर्ण होऊ द्या, फाइल्स टिकल्यात हे दुसऱ्या दिवशी बघा, मग बाकीचे.

पीसीवर जागाच हवी असेल तर डिलीट नको, सिंक ॲपचं 'फ्री अप स्पेस' वापरा, त्याने फक्त लोकल कॉपी जाते.