तलवारबाजीचं ब्लेड घरी कसं जुळवावं: आधी शेपटी, मग बाक

बाहेरगावाहून मागवलेलं नवं ब्लेड तसंच हँडलला जोडलं की बहुतेकांची तक्रार एकच असते: टोक वर राहतं, नेम धरायला मनगट मुडपावं लागतं. मग जो तो ब्लेडलाच बाक देत सुटतो. खरं काम मागे आहे, गार्डमधून (हात झाकणाऱ्या वाटीतून) हँडलमध्ये जाणाऱ्या शेपटीत. ती सरळ ठेवून नुसता बाक वाढवला तर ब्लेड नियमाबाहेर जातं आणि टोक मात्र वरच राहतं.

शेपटीसाठी व्हाइस लागतोच. घरी नसेल तर यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणारं कुठलंही वर्कशॉप चालेल; सोलापुरात पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे ते शोधावं लागत नाही. सोबत अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, फूटभर लांबीचा जाड जीआय पाइप, 6 मिमीचा एक नट आणि गोल कानस न्या.

ब्लेडचं पोलाद कडक असतं, शेपटी त्या मानाने मऊ. त्यामुळे ती थंडच वाकते. गॅसवर तापवू नका, शेजारच्या जाड भागाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ते परत चढवणं घरी शक्य नाही. ब्लेडच्या खाचेत विजेची तार (टोक लागल्याची खूण यंत्राला देणारी) बसवलेली असेल तर ती बाजूला घ्या. खांद्यापासून (ब्लेड संपून शेपटी सुरू होते तिथून) शेपटीचा पहिला दीड सेंटिमीटर पट्ट्यांमध्ये धरून व्हाइस आवळा. तेवढा भाग सरळच राहिला पाहिजे, कारण तिथे गार्ड, त्याच्या आतली गादी आणि वायर जोडायच्या सॉकेटची पट्टी बसते. शिवाय अगदी खांद्यात वाकवलं तर पुढे तिथेच तडा जातो. शेपटीच्या टोकाच्या आट्यांवर नट चढवा, पाइप घाला, पाइपचं तोंड आणि जबडा यांत एक सेंटिमीटर मोकळा सोडा आणि हळू दाब द्या.

तारेची खाच वर धरली तर शेपटीचं मागचं टोक खाली आणि किंचित आतल्या बाजूला जायला हवं: उजवखोऱ्यासाठी डावीकडे, डावखोऱ्यासाठी उजवीकडे. असं केलं की हँडल सरळ धरल्यावर ब्लेडचं टोक आपोआप खाली आणि आत येतं. 12 सेंटिमीटरवर 1 सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण 5 अंश. सुरुवातीला एवढंच पुरे. बोटांच्या पकडीसारखा आकार असलेल्या पिस्तूल हँडलचं भोक सरळ असतं, म्हणून वाक गार्डजवळच संपला पाहिजे. तरी अडलं तर भोकाचं पुढचं तोंड गोल कानशीने थोडं मोठं करा, शेपटी घासू नका. शेपटी कापायची असेल तर नट चढवूनच हॅक्सॉ चालवा. नंतर नट फिरवून काढला की बिघडलेले आटे त्यानेच साफ होतात.

आता बाक. तलवारबाजीत फॉइल, एपी आणि सेबर ही तीन शस्त्रं असतात. फॉइल आणि एपीला तो 1 सेंटिमीटरपेक्षा कमी, सेबरला 4 सेंटिमीटरपेक्षा कमी हवा. फॉइलचा बाक ब्लेडच्या मध्याजवळ असावा, आणि फॉइल-एपीत तो फक्त उभ्या दिशेतला चालतो. फुगीर बाजू तारेची ठेवा. तार बाहेरच्या वळणावर असली की ताण येऊन ती खाचेत दबते. आतल्या वळणावर असली तर खाच सोडून वर येते.

यासाठी व्हाइस नको, सपाट तळव्याचा बूट हवा. जुन्या सोलापुरी चादरीची चौघडी फरशीवर टाका, तारेची बाजू खाली करून ब्लेड ठेवा, मास्क घाला. मधल्या तिसऱ्या भागावर बूट ठेवून हँडल थोडं उचला आणि ब्लेड तळव्याखालून सावकाश ओढा. ब्लेड मोडलं तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून जवळ कुणाला उभं करू नका. प्रत्येक ओढीनंतर फुगीर बाजू वर करून, गार्ड टेबलाच्या कडेबाहेर ठेवून ब्लेड टेबलावर टेकवा आणि सर्वात उंच जागी खालची फट फूटपट्टीने मोजा. 7-8 मिलिमीटरला थांबा. खेळताना बाक वाढतोच.

गोलाई न येता एका जागी कोन पडला असेल तर ओढून तो जात नाही. कोनाची बाजू वर करून ब्लेड लाकडी ओंडक्यावर ठेवा आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोका. लोखंडावर लोखंड ठोकू नका. कडेला धारदार कुसळ उठलं असेल तर बारीक कानस ब्लेडच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात.

शेवटी मल्टिमीटर लावा. फॉइलमध्ये टोक मोकळं असताना सर्किट जोडलेलं आणि 2 ओहमच्या आत हवं, टोक दाबल्यावर तुटायला हवं. एपीत याच्या उलट. वाकवल्यानंतर आकडा उड्या मारत असेल तर तार कुठेतरी दुखावली आहे.

तोच कोन त्याच जागी पुन्हा पडला, किंवा कापूस फिरवल्यावर तो कडेला अडकला आणि तिथे गंजाची बारीक रेघ दिसली, तर ते ब्लेड सरावालासुद्धा नको. 1982 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत तलवारबाज व्लादिमिर स्मिरनोव्ह मोडलेल्या फॉइलच्या ब्लेडनेच गेला, आणि त्यानंतर मास्क व ब्लेडचे नियम कडक झाले. मॅरेजिंग नावाच्या खास चिवट पोलादात तडा हळू वाढतो, पण वाढतोच. असं ब्लेड दोन तुकडे करून भंगारात द्या, म्हणजे क्लबातलं एखादं पोर ते उचलून वापरणार नाही.