सेटअपमधून सामायिक डीएलएल देताना

गेली बारा वर्षं मी विंडोजचे सेटअप, म्हणजे प्रोग्राम संगणकावर बसवून देणाऱ्या फाइली, बांधतोय, बहुतेक सगळे इनो सेटअप या साधनात. सुरुवातीच्या काळात अहवाल दाखवणारा एक ओसीएक्स (डीएलएलचा, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरू शकतील अशा कोडच्या फाइलीचा, एक प्रकार) मी कॉमन फाइल्स या सामायिक फोल्डरमध्ये टाकत होतो. स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीवर इग्नोरव्हर्जन हा फ्लॅग, म्हणजे आवृत्ती न बघता फाइल बदलायची सूचना, होता. ती ओळ कॉपी केली आणि फ्लॅग तसाच राहिला. एका ग्राहकाच्या संगणकावर त्याच ओसीएक्सची नवी आवृत्ती होती, माझ्या सेटअपने तिच्यावर जुनी टाकली. आमचा प्रोग्राम नीट चालला. लेबलं छापणारा दुसराच प्रोग्राम बंद पडला, आणि त्या माणसाचं दोन दिवस काम अडलं. माझ्या फाइलमुळे, त्याच्या गावीही नसताना. तेव्हापासून सामायिक फाइलीला हात लावण्याआधी मी थांबतो.

पहिला प्रश्न: ती फाइल सामायिक ठेवायलाच हवी का? डीएलएल आपल्या एक्झीच्या (प्रोग्रामच्या मुख्य फाइलीच्या) शेजारी, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर विंडोज साधारणपणे आधी तिथेच शोधतं. कुणाशी भांडण नाही, काढताना हिशेब नाही. मात्र त्या फाइलमध्ये सुरक्षेची चूक सापडली तर नवी प्रत पोचवणं आपल्यावर येतं, हे मान्य असेल तरच हा मार्ग घ्या. माझ्या दहातल्या आठ फाइली आता अशाच जातात.

व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइमचं, म्हणजे त्यात बांधलेल्या प्रोग्रामना चालताना लागणाऱ्या फाइलींचं, वेगळं. त्याच्या डीएलएल स्वतःच्या सिस्टम फोल्डरमधून उचलून कधीही देऊ नका. तिथल्या बऱ्याच फाइली त्या विशिष्ट विंडोजसाठीच असतात, आणि डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) आवृत्तीच्या फाइली वाटायला तर परवानगीच नाही. मायक्रोसॉफ्टचं हा रनटाइम बसवणारं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज जसंच्या तसं सेटअपमध्ये घ्या. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या आवृत्त्यांना एकच पॅकेज चालतं; फक्त ते तुमच्या कंपायलरइतकं (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाइतकं) किंवा त्याहून नवं हवं. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर ६४ बिटच्या विंडोजवरही ३२ बिटचंच पॅकेज लागतं. इथे पुष्कळ जण फसतात.

ते पॅकेज इन्स्टॉल, क्वाएट आणि नोरीस्टार्ट हे तीन स्विच (चालवताना द्यायच्या सूचना) देऊन चालवा. परतीचा कोड, म्हणजे पॅकेज संपताना मिळणारा आकडा, वाचायला विसरू नका. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. १६३८ म्हणजे तिथे आधीच दुसरी, बहुधा नवी आवृत्ती आहे. ती चूक समजून सेटअप थांबवू नका. मी हे स्क्रिप्टच्या रन विभागात (तो फाइली कॉपी झाल्यावर चालतो) न ठेवता प्रिपेअर-टू-इन्स्टॉल या फंक्शनमध्ये चालवतो. पॅकेज बसलं नाही तर आपली एकही फाइल कॉपी होण्याआधी सेटअप थांबतो, आणि वापरणाऱ्याला कारण कळतं.

आता खरोखरच सामायिक जागी जाणारी फाइल. इग्नोरव्हर्जन काढा. मग इनो सेटअप दोन्ही फाइलींची आवृत्ती बघून नवी असलेली राखतो. पण तिथल्या फाइलीत आवृत्तीची माहितीच नसेल तर ती बदलली जाते. त्यामुळे स्वतः बांधलेल्या डीएलएलमध्ये आवृत्ती न चुकता भरा आणि प्रत्येक बिल्डला वाढवा.

सोबत शेअर्डफाइल हा फ्लॅग द्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) शेअर्डडीएलएल्स नावाच्या जागी प्रत्येक फाइलीपुढे एक आकडा असतो. किती प्रोग्राम ती वापरतात त्याची ती मोजणी. बसवताना वाढते, काढताना घटते. अडचण एवढीच की ही मोजणी सगळ्यांनी पाळली तर खरी. कुणी फाइल टाकली आणि आकडा वाढवलाच नाही, तर आपला अनइन्स्टॉलर शून्य बघून ती काढू का विचारेल, आणि हो म्हटलं की उडवेल. म्हणून सर्रास वापरात असलेल्या फाइलीला मी अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉलही जोडतो. मोजणी घटते, फाइल मात्र राहते. डिस्कवर थोडी जागा अडली तरी चालेल, दुसऱ्याचा प्रोग्राम मोडता कामा नये.

फाइल वापरात असेल तर रीस्टार्टरिप्लेस द्या. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती बदलली जाते. विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइलींच्या वाटेला जाऊच नका. व्हिस्टापासून त्या प्रशासकालाही सरळ बदलता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

चाचणी स्वतःच्या संगणकावर करू नका. तिथे सगळं आधीच बसलेलं असतं, त्यामुळे राहून गेलेलं काही दिसत नाही. मी व्हर्च्युअल मशीनचे (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाचे) दोन स्नॅपशॉट (जपून ठेवलेल्या स्थिती) ठेवतो: एक कोरी विंडोज, दुसरीवर त्याच फाइलीची नवी आवृत्ती आणि ती वापरणारा छोटा प्रोग्राम. दुसऱ्या मशीनवर सेटअप चालवायचा, फाइलीची आवृत्ती बघायची, तो छोटा प्रोग्राम उघडायचा. मग आपला प्रोग्राम काढून टाकायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि तो छोटा प्रोग्राम परत उघडायचा. तो उघडला नाही, तर सेटअप त्या दिवशी बाहेर जात नाही.