आद्य ख्रिस्ती धर्मविचाराचा अभ्यासक होण्यासाठी

पहिल्या पाच-सहा शतकांतील ख्रिस्ती धर्मविचारावर संशोधन करायचे असेल, तर सुरुवात भाषांपासून करावी. ग्रीक आणि लॅटिन अनिवार्य आहेत. पदव्युत्तर वर्गात जाण्यापूर्वी त्यांचे व्याकरण पक्के झालेले नसेल, तर पुढे प्रत्येक प्रकरण भाषांतरकाराच्या भरवशावर लिहावे लागते, आणि परीक्षकांच्या ते चटकन लक्षात येते. तिसरी भाषा विषयानुसार निवडावी: चौथ्या शतकातील धर्मकवी एफ्रेमसाठी सिरियाक (त्याची लेखनभाषा, अरामीचे एक रूप), इजिप्तमधील मठवासीयांसाठी कॉप्टिक (तिथली प्राचीन ख्रिस्ती भाषा). सिरियाकसाठी परदेशीच जायला हवे असे नाही. केरळात कोट्टायम येथे तिच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे.

पीएच.डी.चा विषय अरुंद ठेवावा. इ.स. 325 ची निकियाची धर्मपरिषद हा विषय म्हणजे ग्रंथालयाचे एक अख्खे दालन आहे. त्याऐवजी तिथे नाकारल्या गेलेल्या आरियसवादाचे (ख्रिस्त हा देवाने निर्माण केलेला आहे, या मताचे) खंडन करताना अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने बायबलमधील नीतिसूत्रे 8:22 या एका वचनाचा अर्थ कसा लावला, एवढा प्रश्नही कित्येक वर्षे पुरतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला छापलेली ग्रीक धर्मपित्यांच्या (आद्य ख्रिस्ती लेखकांच्या) ग्रंथांची 161 खंडांची मालिका शोधाशोधीला सोयीची आहे. उद्धृत मात्र चिकित्सक, म्हणजे हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या, आवृत्तीतूनच करावे.

निबंधवाचनासाठी ऑक्सफर्डला 1951 पासून, साधारणपणे दर चार वर्षांनी, भरणारी परिषद गाठावी. निव्वळ या विषयाची अध्यापकपदे थोडी असतात. ती धर्मशास्त्र, इतिहास वा अभिजात भाषा यांच्या विभागांत विखुरलेली असल्याने, उत्तरकालीन रोमन साम्राज्याचा इतिहास किंवा प्रारंभिक ग्रीक शिकवण्याची तयारी अर्जात स्पष्ट नोंदवावी.