नवीन लेआउटमध्ये फायबर टाकायचंय? मग रोडच्या आधी पाइप टाका

आपल्याकडे लेआउट पडला की आधी गेट उभं राहते, मग सिमेंट रोड होते, अन लोकं राहायला आले की मग कोणाच्या तरी ध्यानात येते, अरे नेटचं काय? मग खांबाखांबावरून वायर ओढा नाहीतर नवाकोरा रोड फोडा. म्हणून सांगतो भाऊ, कंपनी कोणती ते मागून पाहा, पण पाण्याची लाइन खोदून राहिले ना, तेव्हाच फायबरसाठी रिकामा पाइप टाकून घ्या, कारण खरा पैसा खोदकामात जाते.

पाइप एचडीपीईचा (म्हणजे टिकाऊ प्लॅस्टिकचा), 40 एमएम, कॉइलमध्ये मिळते तोच घ्या म्हणजे जोड कमी लागतात. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते अन पावसाळ्यात फुगते, त्यात जोडच आधी सुटते. तीनेक फूट खोल जा, पाइपाच्या खाली-वर रेती टाका, लाइटच्या केबलपासून निदान फूटभर लांब ठेवा, अर्धी माती पडली की वॉर्निंग टेप (खाली लाइन आहे हे सांगणारी पट्टी) अंथरा, अन बुजवायच्या आधी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा, कारण दोन वर्षांनी जेसीबीवाला विचारते तेव्हा कोणालेच आठवत नाही. खोदकाम मेन रोडले लागून असेल तर 2023 मध्ये आलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर आधी कळवा, तिथून भारतनेटची (गावोगावी नेट पोचवायच्या सरकारी योजनेची) लाइन जात असली अन तुटली तर ग्रामपंचायतीचंच नेट जाते.

वळणावर काटकोनी एल्बो नको, चेंबर बांधा. तिथून प्रत्येक प्लॉटच्या कडेपर्यंत बारीक पाइप, तोंडाले टोपी, नाहीतर चिखल अन उंदीर. पुढं फायबर ओढायले आत दोरी लागते, ती टाकायची सोपी युक्ती आहे: दोऱ्याले पन्नीचा तुकडा बांधून पाइपात सोडा, मागून कंप्रेसरची हवा मारा, पन्नी उडत पुढच्या चेंबरात निघते, मग त्याच दोऱ्यानं नायलॉनची दोरी ओढून घ्या.

पाइप लेआउटच्याच नावावर ठेवा, कंपनीले फक्त वापरू द्या, म्हणजे दुसरी कंपनी आली तर तिलेही जागा भेटते.

पुढचं काम कंपनीच्या पोरांचं. एका फायबरवर 1:8 चा स्प्लिटर (एका फायबरचा सिग्नल आठ जागी वाटणारा) अन त्याच्या पुढं परत 1:8 लावला की 64 घरं होतात, पण एकेक स्प्लिटर साधारण 10 डीबी (सिग्नल घटण्याचं माप) खाते, म्हणून घरात पॉवर मीटर (सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजणारं यंत्र) लावून रीडिंग मागाच. उणे 15 ते उणे 25 डीबीएममध्ये असेल तर चांगलं, उणे 27 च्या खाली गेलं की नेट तुटत राहणार, तेव्हा जॉइंट परत करायले लावा. फायबरच्या टोकाचं हिरवं कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये खुपसू देऊ नका. फायबरच्या तोंडात डोकावू नका, त्यातला लेसर दिसत नाही पण डोळ्याले इजा करते, अन कापलेले काचेचे तुकडे बाटलीतच टाकायले सांगा, लेकरं अनवाणी फिरतात.

अन लाइट गेली की राउटर बंद, तर 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावून घ्या, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा.