समुद्रातल्या तेलाच्या रिगवर निघायची यादी, आणि सगळ्यात आधी सिम कार्ड

बनियन किती घ्यायचे आणि साबण कोणता, ते इथे लिहीत नाही. ते घरचे भरतात, आणि राहिलंच तर रिगवर कुणीतरी देतं. मला सांगायचंय ते सिम कार्डाबद्दल. बँकेत, गॅस एजन्सीत, मेडिक्लेमवर, सगळीकडे ज्याचा नंबर दिलाय ते सिम. ते घरी ठेवून निघा. हसू येईल वाचून. मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. रिगवरच्या २८ दिवसांच्या खेपेतले माझे नऊ दिवस झाले होते. घरी सिलिंडर संपलं, दुसरं आलं, पोऱ्या दारात उभा राहून म्हणाला, कोड सांगा. कोड माझ्या नंबरवर. माझा नंबर माझ्या फोनमध्ये, आणि फोन समुद्रात, केबिनच्या लॉकरमध्ये. १९७४ साली सागर सम्राट या रिगने जिथे तेल शोधलं ते मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर. पन्नास वर्षं झाली, पण आमच्या रिगवर तरी मोबाइलची एक कांडी दिसत नाही. वायफाय आहे, त्यावर मेसेजही जातात, पण बँकेचा आणि गॅसचा एसएमएस त्या वायफायवरून येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही. सिलिंडर परत गेलं.

सिलिंडरचं काय, इंडक्शनवर भागलं. दोन दिवसांनी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड गेलं. हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितलं. पैसे होते. खातं जॉइंट आहे, पण त्यावर नोंदवलेला नंबर माझा एकट्याचा. बायकोच्या एटीएम कार्डाची मुदत संपलेली. नवीन कार्ड पाकिटासकट कपाटात होतं, ते सुरू करायला ओटीपी. एफडी मोडायला ओटीपी. मेडिक्लेमच्या अॅपमध्ये शिरायलाही ओटीपी. तिने ऑफिसला फोन केला, ऑफिसने रिगच्या रेडिओरूमला, रेडिओरूमने ड्रिल फ्लोअरला. मी ग्रीसने माखलेल्या हातांनी खाली येऊन फोन घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी भिशीचे पैसे काढून दिले होते. मी तिकडून काय करणार होतो? 'बरं, बरं' म्हणालो. ते ओटीपी नंतर मुंबईत उतरल्यावरही मला कधी आले नाहीत, वाटेतच कुठेतरी विरले.

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे, एक जुना बटणांचा फोन काढा. त्यात सिम घाला. फोन टीव्हीजवळ चार्जिंगला लावून ठेवा आणि घरच्यांना मेसेज उघडून वाचता येतो का ते समोर बसून बघा. बघाच. आईला 'इनबॉक्स' कुठे आहे ते सापडलं नाही तर सगळं मुसळ केरात. ई-सिम असेल तर आधी साधं सिम करून घ्या, त्याला वेळ लागतो. बँक म्हणते ओटीपी कुणाला सांगू नका, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी जॉइंट खात्यावर बायकोचं नेटबँकिंग तिच्या स्वतःच्या नंबरवर सुरू करून घ्या. पण गॅस, मेडिक्लेम, आधार, वीजबिल हे सगळं कुठे कुठे बदलत बसणार? त्यापेक्षा सिम घरी. तुमच्या हातातल्या फोनसाठी दुसरं सिम घ्या, व्हॉट्सअॅप त्यावर.

कागदपत्रं. मेडिकल, म्हणजे फॉर्म ओ, तब्येत ठीक असल्याचा दाखला. तेलविहीर १९५२ च्या खाण कायद्यापासून खाणच धरली जाते, म्हणून चारी बाजूंनी पाणी असलं तरी कागदावर आपण खाणकामगार. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, ज्यात हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्ट्याने बांधून तुम्हाला तलावात उलटं बुडवतात आणि खिडकीतून बाहेर यायला लावतात. ते उगाच करत नाहीत, रिगवर हेलिकॉप्टरनेच जायचं असतं. हेलिकॉप्टरचं वजन वरच्या बाजूला असतं, पाण्यात पडलं की ते बहुधा उलटतंच. या सर्टिफिकेटची मुदत चार वर्षं. तारीख आज बघा. मुदत संपलेली निघाली तर तुम्हाला जुहूच्या विमानतळाच्या गेटवरून परत पाठवतील आणि तुमच्या जागी जो आतमध्ये २८ दिवस काढून बसलाय तो तुम्हाला आयुष्यभर शिव्या देईल. ओळखपत्र मूळ हवं, फोनमधला फोटो चालत नाही.

औषधं चाळीस दिवसांची. २८ ची नाही. पावसाळ्यात कधी कधी चॉपर उडत नाही आणि उडत नाही म्हणजे नाही, तिथे कुणाची ओळख चालत नाही. बीपीची, शुगरची, थायरॉइडची, जी असेल ती डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या आणि पोचल्याबरोबर मेडिकला, म्हणजे रिगवर औषधपाणी बघणाऱ्याला, दाखवा. लपवून ठेवलेली गोळी सापडली तर ती कसली आहे हे समजावताना तोंडाला फेस येतो. चष्मा असेल तर दोन.

बॅग मऊ, कापडी. चाकांची कडक सूटकेस चॉपरच्या पोटात मावत नाही. वजनाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती विचारून घ्या. काट्यावर बॅगेबरोबर तुम्हीही उभे राहणार आहात. लायटर, काडेपेटी, डिओचा स्प्रे, चाकू, दारू: नाही, नाही, नाही. लोणच्याची बरणी तर मुळीच नको. एकदा माझ्या बॅगेत कैरीचं लोणचं सांडलं आणि महिनाभर माझ्या सगळ्या कपड्यांना हिंगाचा वास होता. मेतकूट न्या, शेंगदाण्याची चटणी न्या, कोरडं काहीही न्या. गॅलीतलं, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरातलं, जेवण चांगलं असतं, भरपूर असतं, मध्यरात्रीही असतं, पण पंधराव्या दिवशी साध्या वरणभातावर मेतकूट भुरभुरून खाण्यासारखं सुख नाही. कव्हरॉल, बूट, हेल्मेट कंपनी देते. त्याच्या आत घालायला सुती कपडे घ्या, नायलॉन नको; आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. मोजे जास्त.

अंगठी घरी. लग्नाची असली तरी. साखळी, कडं, मनगटातला गंडा, सगळं उतरवा. फिरत्या यंत्रात अंगठी अडकली की बोटाचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय, इथे लिहीत नाही. दाढी साफ करा. श्वसनाचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही आणि विहिरीतून हायड्रोजन सल्फाइड आला तर फटीतून तो आत येतो. सडक्या अंड्यांचा वास येईल तेव्हा कळेल, असं कुणी म्हणेल. थोडा असेल तर कळतं. जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच पडतो.

सिम काढलंत का? मी परत विचारतोय, कारण यादी वाचताना माणूस मान डोलावतो आणि उठून बॅग भरायला लागतो.

आता आदली रात्र. रिपोर्टिंग पहाटे असतं. मी भांडुपचा, जून ते सप्टेंबर पहिल्या लोकलवर भरवसा ठेवत नाही. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की संपलं. आदल्या रात्रीच पार्ल्याला मावशीकडे जातो, तिथून जुहू रिक्षाने. तुमचं पार्ल्यात कुणी नसेल तर बघा काय ते, पण पहाटेच्या पावसात घाटकोपरहून उबर शोधत बसू नका. खिशात रोख ठेवा. यूपीआय घरच्या सिमवर आहे हे विसरू नका. तिथे बसून वाट बघावी लागते, कधी दोन तास, कधी चार, मग सांगतात आज नाही, उद्या या. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच जुहूला. वाट बघताना आम्ही म्हणतो, त्यांची टपालं आमच्यापेक्षा वेळेवर गेली.

पोचल्यावर बंक मिळाला की झोपायला जाऊ नका. आधी आपली लाइफबोट कुठली, मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, कुठलं, टी-कार्ड, म्हणजे आपल्या नावाचं हजेरीचं कार्ड, कुठे लावायचं ते पायांनी चालत जाऊन बघा. रात्रीही एकदा. २६ जुलै २००५ मुंबईत कुणालाही आठवतो, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी २७ ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला ते फार जणांना आठवत नाही. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली होती. हवामान असं की हेलिकॉप्टर नाही, म्हणून त्याला जहाजानेच प्लॅटफॉर्मकडे आणलं आणि लाटांमध्ये ते जहाज रायझरवर, प्लॅटफॉर्म आणि समुद्रतळ जोडणाऱ्या गॅसच्या पाइपवर आदळलं. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म पाण्यात. २२ माणसं गेली. साडेतीनशेच्या वर वाचली. त्या धुरात कुणाला पाट्या वाचत बसायला वेळ मिळाला असेल?

काम बारा तास, सहा ते सहा किंवा बारा ते बारा. पहिली नाइट शिफ्ट जड जाते. इअरप्लग लावा, पडदा लावा, झोपा. फोन घेऊन डेकवर जायचं नाही, फ्लेअरचा, म्हणजे जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळेचा, फोटो तर मुळीच नाही. टूलपुशरला, म्हणजे ड्रिलिंगच्या साहेबाला, पहिल्याच दिवशी उलट उत्तर नको. क्रेनच्या लोडखालून जायचं नाही. परमिटशिवाय स्पॅनरलाही हात नाही. बाकी तिथे गेल्यावर कळेल.

घरी रोज फोन करायचाच असं नाही, पण वार ठरवा, नाहीतर एक दिवस चुकला की घरात रडारड. आणि एकदा विचारा, तो बटणांचा फोन चार्जिंगला आहे ना? माझ्याकडे नंतरच्या खेपेला तो तीन दिवस बंद पडून होता, मिक्सरसाठी कुणी तरी प्लग काढला होता.

परतीचं थोडक्यात. कपडे धुऊन आणा. मेडिककडे ठेवलेली औषधं मागून घ्या. बंकखाली बघा.

आणि हातातल्या सिमचं रिचार्ज ८४ दिवसांचं करा. मी २८ दिवसांचं केलं होतं, हिशोब सरळ वाटला. पावसामुळे चॉपर दोन दिवस उशिरा आलं, जुहूला उतरलो तर फोन बंद. बाहेर एका रिक्षावाल्याला नेट चालू करायला लावलं, त्यावरून कार्डाने रिचार्ज करायला घेतलं, तर ओटीपी. तो घरी, टीव्हीजवळ. मग त्याच्याच फोनवरून बायकोला लावला. अनोळखी नंबर म्हणून तिने दोनदा कापला.